उजव्या चाकाचा ड्रम

ब्रेक ड्रम काढणं हे सांगायला फार सोपं काम आहे. चाक काढायचं, चपट्या डोक्याचे दोन स्क्रू सोडायचे आणि ड्रम दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घ्यायचा. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं. मी चाळीस वर्षं हे काम केलं, आणि जुन्या गाडीचा ड्रम असा सरळ हातात आल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच आठवतात. बाकीच्यांनी कधी नखं घेतली, कधी पाठ घेतली. एकाने तर माझी माझ्यापुरती अब्रूच घेतली, ते पुढे सांगतो.

संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा’ असा निरोप धाडला तेव्हा आमच्या घरात हशा झाला. बायको म्हणाली, “तुमी काय लिवता? लोकाईनं जनमभर तुमचे निस्ते पायच पाह्यलेत गाडीखालून.” खोटं नाही. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज होतं. बियाणांच्या कंपन्यांच्या जीपा, आडत्यांच्या आणि डॉक्टर-वकिलांच्या अँबॅसिडर माझ्याकडे येत. आता तिथे मुलगा मोटारसायकली दुरुस्त करतो. मी गुडघ्यांमुळे घरी बसलो आहे. कुणी जुन्या गाडीवाला शोधत आला की मुलगा फोन लावून देतो आणि म्हणतो, “बाबा, तुमच्या वयाची आली.”

ज्यांनी कधी चाक काढलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चाकाच्या मागे एक जाड लोखंडी डबा असतो, पिठाचा डबा आडवा करून ठेवावा तसा. तो चाकाबरोबर फिरतो. त्याला ड्रम म्हणतात. डब्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू असतात आणि त्यांच्यावर लायनर म्हणजे घासणारं अस्तर असतं. तुम्ही पायाने ब्रेक दाबला किंवा हाताने हँडब्रेक ओढला की शू बाहेरच्या बाजूला फाकतात, ड्रमच्या आतल्या अंगाला घासतात आणि चाक थांबतं.

आता तो जाम का होतो? लायनर घासून घासून ड्रमच्या आत खळगा पडतो, पण अगदी कडेला न घासलेला काठ उरतो. ड्रम ओढला की शू त्या काठात अडकतात. दुसरं म्हणजे, ड्रम ज्या चकतीवर बसतो तिथे गंज धरतो आणि दोन लोखंडं एक होऊन जातात. तिसरं कारण माणसाचं. त्याने काहीतरी उपद्व्याप केलेला असतो आणि तो सांगत नसतो.

उपाय एकच, शांतपणा. ड्रमच्या तोंडावर एक भोक असतं. त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून आतला अॅडजस्टर मागे फिरवायचा, म्हणजे शू आत सरकतात. सांध्यांत डिझेल सोडायचं आणि बसून राहायचं. मग लाकडाचा ठोकळा धरून ड्रमला गोल गोल फिरत हलके ठोके द्यायचे. कडेवर घणाचा दणका कधी द्यायचा नाही. ड्रम बिडाचा असतो, बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते वाकत नाही, चेपत नाही. मार खात खात राहतं आणि एकदम फुटतं.

हे मला कुणी शिकवलं नाही असं नाही, पण शिकवलेलं डोक्यात राहायला एक ड्रम फुटावा लागला. माझी तेव्हा पंचविशी होती. भोकरदन रस्त्यावरच्या एका डॉक्टरांची गाडी होती. मागचा ड्रम सकाळपासून दाद देत नव्हता. दुपारी जेवणही झालं नव्हतं. मला राग आला, आणि लोखंडावर राग काढणाऱ्या मिस्त्रीसारखा मूर्ख दुसरा नाही. मी घण उचलला. दोन दणक्यांत कडेचा तळहाताएवढा तुकडा पायाशी पडला.

संध्याकाळी डॉक्टर आले. मी सांगितलं, “साहेब, ड्रमला आधीच तडा गेल्ता.”

डॉक्टरांनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बरं झालं तुझ्या ध्यानात आलं,” ते म्हणाले. “रस्त्यात फुटला असता तर पोराबाळांसकट गेलो असतो.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्यानंतर ते दर दिवाळीला गॅरेजवर फराळाचा डबा पाठवायचे आणि मला तो चिवडा घशाखाली उतरायचा नाही. खरं सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं, डॉक्टर आता नाहीत. पण त्या दिवशी मी कानाला खडा लावला. ड्रमवर घण उचलायचा नाही, मग गाडी महिनाभर उभी राहिली तरी चालेल. आणि खरोखर त्यानंतर माझ्या हातून एकही ड्रम फुटला नाही. याचा मला इतका गर्व होता की नवीन गिऱ्हाइकाला नावाच्या आधी मी हेच सांगायचो.

गिऱ्हाइकंही एकेक असत. बियाणांच्या कंपनीचे एक साहेब होते. ते जालन्याहून धावड्यापर्यंत हँडब्रेक ओढलेलाच ठेवून गेले आणि तिथून माणूस पाठवला, की इंजिन बदलावं लागेल, जळका वास येऊन राह्यला. एक वकील होते, ते माझं काम चालू असताना शेजारी स्टुलावर बसून उलटतपासणी घ्यायचे. ‘हा स्क्रू आपण कोणत्या कारणास्तव काढलात?’ त्यांचा ड्रम निघेपर्यंत माझ्या नाकी नऊ यायचे, आणि त्यात दोष ड्रमचा नसायचा.

पण ज्या कामासाठी मी हे लिहायला बसलो ते मागच्या वर्षीचं आहे.

एका शनिवारी दुपारी फोन आला. “मिस्तरी, मी केदारखेड्याहून साळवे बाई बोलते. ओळखलं का?”

बाईंना कोण ओळखणार नाही? त्या तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि त्यांचे यजमान साळवे सर हायस्कुलात गणित शिकवायचे. सरांनी जालन्यातल्या एका व्यापाऱ्याची वापरलेली अँबॅसिडर घेतली होती, दुधाच्या सायीच्या रंगाची. वस्तीतली ती पहिली मोटार. नावाला सरांची, पण खरं म्हणजे सगळ्या वस्तीची. कुणाची नवरी सासरी जाणार, कुणाला दवाखान्यात जालन्याला न्यायचं, दहावीच्या पोरांना परीक्षेच्या केंद्रावर सोडायचं, गाडी तयार. आणि जयंतीच्या मिरवणुकीत ती सगळ्यात पुढे, बॉनेटवर तसबीर, दोन्ही बाजूंना निळे झेंडे, आणि स्टिअरिंगवर पांढऱ्या सदऱ्यातले सर. मी दर वर्षी जयंतीच्या आधी आठ दिवस ती गाडी तपासून द्यायचो. मिरवणुकीत गाडी बंद पडली तर सरांची मान खाली गेली असती, आणि माझी त्यांच्याही खाली.

सर जाऊन तेरा वर्षं झाली होती. गाडी तेव्हापासून घरापुढच्या पत्र्याच्या शेडात उभी होती.

“रस्ता रुंद होऊन राह्यलाय,” बाई फोनवर म्हणाल्या. “शेड रस्त्यात गेलं. सोमवारी सकाळी ते पाडायला मशीन लागणार. पोरांनी विहाराच्या आवारात गाडीसाठी नवीन शेड बांधलं. पण गाडी जागची हलंना. आज ट्रॅक्टर लावला, तर पुढचा बंपरच वाकला. आता मशीनवाला म्हणतो साखळी बांधून उचलतो.”

“उचलू देऊ नका बाई,” मी म्हणालो.

“न्हाई देणार. म्हणून तर तुम्हाला फोन केला. तिला चाकावर जायचंय, मिस्तरी. सरांची गाडी उचलून नेताना मला पाहायची न्हाई.”

तुम्ही जालन्याचे नसाल तर ही धास्ती कळणार नाही. आमच्याकडे जुन्या गाडीला मरण लवकर येतं, कारण लोखंडाच्या भट्ट्या दाराशी आहेत. एकदा गाडीचा पत्रा चेपला, सांगाडा मोडला, की भंगारवाला गॅस कटर घेऊन हजर होतो आणि आठ दिवसांत तिच्या सळया होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातात.

रविवारी पहिल्या बसने मी केदारखेड्याला उतरलो. हत्यारांची पिशवी होती, गुडघ्यांना पट्टे बांधले होते. रस्त्याच्या कडेला ते पिवळं मशीन उभंच होतं आणि त्याचा ऑपरेटर, धावड्याचा एक माणूस, बकेटच्या सावलीत बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. शेडापुढे वीस-पंचवीस माणसं जमली होती. बाईंचा मुलगा मिलिंद पुण्याहून आला होता. चाळिशीचा, ऑफिसात काम करणारा, स्वच्छ शर्ट घातलेला, आणि बाह्या दुमडून आधीच गाडीखाली वाकून पाहत होता. माणूस मला आवडला.

“काका, मी मागे दोनदा गिऱ्हाईक आणलं होतं या गाडीला,” तो म्हणाला. “दोन्ही वेळा चाकं जाम. ते लोक कंटाळून निघून गेले. आईला इथे एकटीला किती दिवस ठेवायचं? म्हटलं गाडीची सोय लागली की तिला पुण्याला नेता येईल.”

“मंग आता?”

“आता ती विहारात जाते म्हणते, तर जाऊ द्या. पण निदान धड जावी. अण्णांचा जीव होता हिच्यात.” अण्णा म्हणजे सर.

मी गाडीखाली आडवा झालो. बॅटरी लावून पाहिलं. तळाचा पत्रा जागोजागी कुजला होता. साखळीने उचलली असती तर गाडी मधोमध मोडली असती. पुढची चाकं थोडी हलत होती. मागची दोन्ही जमिनीत रुजल्यासारखी. मी बाहेर आलो, दार उघडून आत डोकावलो, आणि हँडब्रेक पाहिला. दांडा वर ओढलेला. नुसता ओढलेला नाही, ओढताना कटकट वाजणाऱ्या दातांपैकी अगदी शेवटच्या दातापर्यंत खेचलेला.

माझं टाळकं सरकलं. मी सगळ्यांसमोर ओरडलो, “कोण्या शहाण्यानं ओढून ठेवला हा? उभ्या गाडीला हँडब्रेक लावतात काय? शू गंजून चिकटले आत!”

बाई शेडाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मिस्तरी, तुम्हीच सांगितलं होतं.”

आणि मला आठवलं. सर आजारी होते ते शेवटचे दिवस. मी गाडी सोडायला आलो होतो. शेडाला रस्त्याच्या बाजूला उतार आहे. गाडी घरंगळून रस्त्यावर जाईल या भीतीने मी बाईंना हँडब्रेकचा दांडा दाखवला आणि म्हणालो, “बाई, हा पक्का ओढून ठेवायचा. सोडायचा न्हाई बिलकुल.” किती दिवस ते सांगितलं नाही. गाडी लांब मुदतीसाठी उभी करायची असेल तर हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकांना विटा लावायच्या, हे मिस्त्रीला सांगावं लागत नाही. पण बाई मिस्त्री नव्हत्या, बाई शाळेच्या होत्या. सांगितलेलं बराबर पाळणाऱ्या.

त्यात भर म्हणजे जयंती. दर जयंतीला वस्तीतल्या पोरी ती गाडी जागच्या जागी धुवायच्या, चाकांवर पाइप धरून, लखलखीत. मग हार घालायचा, पोरांनी फोटो काढायचे आणि शेड बंद. तेरा वर्षं दर वर्षी ड्रममध्ये पाणी, वर हँडब्रेक घट्ट. गंजाला आणखी काय हवं?

मला मान वर करवेना. मी म्हणालो, “बरं. पाणी उकळायला ठेवा.”

लोकांना वाटलं मी चहाचं बोलतोय. खरं तर गॅसच्या ज्योतीने ड्रम तापवला की तो फुगतो आणि गंजाची पकड सुटते. पण मागे पेट्रोलची टाकी होती, तिच्यात जुन्या पेट्रोलची वाफ. तिथे ज्योत नेली असती तर शेड पाडायला मशीन लागलंच नसतं. म्हणून उकळतं पाणी. वस्तीतल्या बायांनी तीन दगडांच्या चुली मांडल्या आणि जयंतीच्या जेवणावळीची मोठी पातेली त्यांच्यावर चढवली.

पुढच्या चाकांना दगड लावले, मागून जॅक चढवला, खाली घोड्या म्हणजे लोखंडी टेकू दिले. दांडा खाली पाडला, पण उपयोग नव्हता, खालची केबल गंजून काठी झाली होती. ती करवतीने कापली. मग दोन्ही चाकं काढली.

डावा ड्रम नशिबाचा होता. फिरता फिरता जिथे थांबला होता तिथे त्याचं भोक बरोबर अॅडजस्टरसमोर आलं होतं. स्क्रूड्रायव्हर आत गेला. पहिल्यांदा अॅडजस्टर हलला नाही. मी डिझेल सोडलं, अर्धा तास बसलो, पुन्हा लावला, आणि ‘कट’ असा आवाज आला. माझ्या धंद्यात याच्याइतका गोड आवाज नाही. चार दात मागे घेतले, ड्रमवर दोन पातेली पाणी ओतलं, ठोकळ्यावर हातोडीचे हलके ठोके देत गेलो. दुपारी साडेबाराला डावा ड्रम चिरकत, कुरकुरत बाहेर आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मिलिंदने ड्रम दोन्ही हातांत धरून आईला दाखवला, पोराने बक्षीस दाखवावं तसा, आणि त्याचा शर्ट कायमचा गेला.

उजव्याने मात्र घाम फोडला. त्याचं भोक थांबलं होतं भलतीकडे, खाली, अॅडजस्टरपासून वीतभर दूर. ड्रम फिरवल्याशिवाय भोक समोर येणार नाही आणि अॅडजस्टर सोडल्याशिवाय ड्रम फिरणार नाही. आतले शू फाकलेले आणि चिकटलेले. डिझेल झालं. पाणी झालं, एकदा, दोनदा, चार वेळा. ठोके देऊन देऊन माझा खांदा बधिर झाला. मिलिंदने ठोके दिले, वस्तीतल्या तिघा-चौघांनी दिले. ड्रम ढिम्म.

साडेचार वाजले. मशीनवाला शेंगा संपवून आला. “मिस्तरी, फोडून टाका की,” तो म्हणाला. “घण आनू का? दोन दणक्याचं काम हाये. ड्रम गेला तरी चाक बसतंच ना?”

त्याचं खरं होतं. ड्रम फोडला, आतले शू काढले, की चाक तसंच बसवून गाडी ढकलत नेता येते. माणसंही म्हणू लागली, फोडा, फोडा. दिवस कलायला लागला होता. मशीन सकाळी सहाला सुरू होणार होतं.

“मी ड्रम फोडत न्हाई,” मी म्हणालो. “चाळीस वर्षांत एक सोडून फोडला न्हाई. उद्या हा ड्रम कुठंच मिळायचा न्हाई. पाणी आना.”

पाचवं पातेलं आलं. सहावं आलं. मी ठोकत राहिलो. मनात दोन गोष्टी होत्या, खोटं कशाला बोलू? एक, माझा नियम. दुसरी, की माझ्या शब्दाने जाम झालेला ड्रम मी फोडला तर ती चूक दुसऱ्यांदा केल्यासारखी होईल. मला तो धड काढून बाईंच्या हातात द्यायचा होता आणि सुटायचं होतं.

बाई माझ्या शेजारी येऊन खाली बसल्या. सत्तरी उलटलेली बाई, मातीत. त्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, “मिस्तरी, तुमचा नियम चांगला हाये. पण आज तुमचा नियम न्यायचा का सरांची गाडी?”

मी हातोडी खाली ठेवली.

“फोडला तर ती परत कधी चालणार न्हाई बाई. म्हंजे ड्रम मिळाल्याबिगर न्हाई.”

“चालायला कोण सांगतंय तिला? तिला तीनशे पावलं जायचंय.”

मी घण मागितला. मिलिंद म्हणाला, “काका, मी मारतो.” मी म्हणालो, नको, हे माझं मलाच करू द्या. गुडघ्यांवर बसून मारला. पहिल्या दणक्याला नुसता आवाज झाला. दुसऱ्याला ड्रम वरून खालपर्यंत चिरला. तिसऱ्याला त्याचे तीन तुकडे झाले आणि आतून मूठ-मूठ लाल भुगा सांडला. एका शूचं लायनर सुटून ड्रमच्याच अंगाला चिकटून आलं होतं. म्हणजे मी उकळत्या पाण्याचं पातेलं आणखी वीस वेळा ओतलं असतं तरी तो निघालाच नसता. त्याने मला थोडं बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली, की सकाळीच का नाही हे पत्करलं?

मी सगळ्यांसमोर म्हणालो, “ड्रमला तडा नव्हता. मी फोडला.” कुणी विचारलं नव्हतं. पण मला ते मोठ्याने म्हणायचं होतं. लोकांना त्याचं काहीच वाटलं नाही, ते चाक आणायला पळाले.

पाऊण तासात चाकं बसली. घोड्या काढल्या, जॅक उतरवला, आणि गाडी तेरा वर्षांनी स्वतःच्या चाकांवर दोन बोटं मागे-पुढे झाली. आता प्रश्न ब्रेकचा. गाडीला ब्रेक म्हणून काही उरलं नव्हतं आणि विहाराकडे जाताना थोडा उतार आहे. दोन माणसं मागच्या चाकांशेजारी लाकडाचे ओंडके घेऊन चालणार, गाडी पळू लागली की पुढे टाकायचे. ढकलायला अख्खी वस्ती. पण स्टिअरिंगवर कोण?

सगळे मिलिंदकडे पाहू लागले. तो म्हणाला, “आई, तू बस.”

“मला येतं काय चालवायला?”

“चालवायची नाहीये. नुसती धरायची आहे. काका सांगतील.”

बाई सरांच्या जागी बसल्या. आयुष्यभर त्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं की मला हसूही आलं आणि भरूनही आलं. मी खिडकीला धरून बाजूने चालू लागलो. “डावीकडं थोडं. आता सरळ. सरळ धरा, बाई.” मशीनवालाही ढकलायला आला. कुणीतरी घोषणा दिली, वस्तीने उत्तर दिलं, आणि दिवेलागणीच्या आत गाडी विहाराच्या आवारात, नव्या पत्र्याखाली, जाऊन थांबली.

मी या वेळी हात लावू दिला नाही कुणाला. गिअर टाकला, चारही चाकांना विटा लावल्या. मिलिंद सगळ्यांच्या चहाचं पाहायला गेला. माणसं पांगली. बाई अजून स्टिअरिंगमागेच बसल्या होत्या. मी दाराशी गेलो. दिवसभर जे गिळत होतो ते बोललो.

“बाई, चूक माझी हाये. तुम्हाला ब्रेक ओढून ठेवा म्हनालो आन् सोडायचं कव्हा ते सांगितलंच न्हाई. माझ्यामुळं गाडी जाम झाली.”

बाई समोरच्या काचेतून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मिस्तरी, तुम्ही एकदाच सांगितलं होतं. तेव्हा मी दोन-तीन दात ओढला होता, जेवढा माझ्या हातानं ओढवला.”

“तो तर शेवटपर्यंत ओढलेला होता.”

“हो ना.” त्यांनी विहाराच्या दाराकडे पाहिलं. मिलिंद तिकडे कपांमध्ये चहा ओतत होता. “सर गेले त्या वर्षी मिलिंदचा फोन आला, की उद्या गिऱ्हाईक घेऊन येतो. मी शेडात गेले आणि आणखी ओढला. दोन्ही हातांनी. ते लोक आले, दांड्याकडं कुणाचं ध्यान गेलं न्हाई, ढकलून पाह्यलं, गेले. दोन वर्षांनी परत फोन आला, मी परत गेले. पाय टेकवून ओढला. मिलिंद विचारायचा, आई, ही हलत का न्हाई? मी म्हणायची, मला काय कळतं त्यातलं?”

मी चाकाखालची वीट पायाने आणखी आत सरकवली.

“त्यो वाईट न्हाई,” बाई म्हणाल्या. “त्याला मला न्यायचं होतं. गाडी गेली असती की मलाही नेलं असतं. मला इथंच राह्यचं होतं, सरांच्या गावात. पण पोराला न्हाई म्हणायचं धाडस न्हाई झालं. म्हणून ब्रेक ओढला. आता ती वस्तीची झाली, आता तिला कुणी इकत न्हाई. म्हणून तुम्हाला बोलावलं.”

मिलिंद चहा घेऊन आला. आईला कप दिला, मला दिला, आणि स्वतः गाडीच्या दाराशी मातीत बसला. शर्टावर डिझेल, कोपराला खरचटलेलं. “काका, कमाल केली तुम्ही,” तो मला म्हणाला. बाई चहात पाहत होत्या. मीही.

उजवा ड्रम मी अजून शोधतो आहे. संभाजीनगरला दोनदा जाऊन आलो, भंगाराचे ढीग उपसले. सापडला तर लावून देईन म्हणतो.

हे छापायला देण्याआधी मी बाईंना फोन केला. म्हटलं, हँडब्रेकचं तेवढं गाळू का? मिलिंदच्या वाचनात आलं तर उगाच वाईट वाटेल त्याला.

“गाळू नका,” त्या म्हणाल्या. “वर्ष झालं, मी रोज फोनवर सांगीन सांगीन म्हणते आणि ‘जेवलास का’ एवढंच विचारून ठेवून देते. तुम्ही लिहा, मिस्तरी. आणि एक अंक त्याच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवा.”

पत्ता मी लिहून घेतला आहे.